ख्मेर शेजाऱ्यांना हाक कशी मारावी

कंबोडियात, म्हणजे ख्मेर लोकांच्या देशात, बिऱ्हाड थाटलंत की शेजाऱ्यांची नावं नंतर, नाती आधी शिका. मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं तिथेही उद्धटपणाचंच. आपल्याहून थोड्या मोठ्यांना ‘बाँग’ म्हणा. आईवडिलांहून धाकट्या बाईला ‘मिंग’, पुरुषाला ‘पू’. आईवडिलांहून थोडं मोठं कुणीही असो, बाई किंवा पुरुष, ‘ओम’. हात जोडायची सवय आपल्याला आहेच, फक्त समोरचा जितका मोठा तितके हात वर न्यायचे. भिक्खू असतील तर भुवयांपर्यंत. चप्पल अर्थातच दाराबाहेर. एक सवय मात्र मोडावी लागते: शेजारच्या पोराच्या डोक्यावरून कौतुकाने हात फिरवायची. ख्मेर लोक डोकं पवित्र मानतात. शाकाहारी असाल तर शेजारून आलेल्या भाजीत ‘तुक त्रेय’, म्हणजे माशाचा खारट रस, आहे का ते वाटी घेतानाच हसून विचारा. बहुतेक वेळा असतोच.