बेळगावहून कॅट देताय? कॉलच्या यादीआधी आणि नंतर

कॅट, म्हणजे आयआयएमसारख्या व्यवस्थापन संस्थांची प्रवेश परीक्षा, नोव्हेंबरात असली तरी कागदपत्रांना ऑगस्टमध्येच लागा. ओबीसी असाल तर राज्याचा दाखला आयआयएमला चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला, नॉन-क्रिमिलेअरचा वेगळा मागून घ्या.

निकालानंतर प्रत्येक आयआयएम मुलाखतीची यादी स्वतःच्या निकषांवर लावते: दहावी-बारावीचे गुण, पदवी, नोकरीचा अनुभव. म्हणून तुमच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलच्या मित्राला कॉल, म्हणजे मुलाखतीचं बोलावणं, येऊ शकतो. संस्थेचं प्रवेश-धोरण उघडा आणि आपले गुण त्यात मांडून बघा. मी उद्यमबागेत एका फाउंड्रीचे हिशेब बघते. मला सांत्वनापेक्षा असा ताळा बरा वाटतो.

कॉल आला तर गावाबद्दल प्रश्न येणार असं धरून चाला. 1924 चं काँग्रेस अधिवेशन आणि त्याचे अध्यक्ष गांधीजी, 1956 ची राज्य पुनर्रचना, महाराष्ट्रानं 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेला दावा, एवढं नीट माहीत हवं. सीमाप्रश्नावर मत जरूर सांगा, पण भाषण नको! समोरचा कन्नडिग असू शकतो.

नाहीच आला, तर रडून घ्या आणि नव्या आयआयएमच्या सामाईक मुलाखत-प्रक्रियेची यादी बघा. कॅटचे गुण घेणाऱ्या इतर संस्थांच्या तारखाही काढा. रोज “काय झालं गं?” विचारणाऱ्या आत्याला पुढची तारीख एकदाच सांगून टाका.