पानगळ मुलांना प्रयोगातून शिकवताना
सोलापुरात पानगळ शिकवायला माघ-फाल्गुन हा काळ उत्तम, कारण तेव्हा कडुनिंब आणि पिंपळ पाने गाळतात. प्रथम पिंपळाच्या डहाळीवर, जिथून पान गळले तिथला वण भिंगातून दाखवावा. देठाच्या बुडाशी पेशींचा वेगळा थर तयार होऊन झाड स्वतःच पान सोडते, हे मुलांना ‘वाऱ्याने पाने पडतात’ या गोष्टीपेक्षा अधिक पटते.

मग एखाद्या हिरव्या डहाळीला पारदर्शक पिशवी सकाळी उन्हात घट्ट बांधावी. दुपारी पिशवीत साचलेले थेंब पानांतूनच बाहेर पडलेले असतात, आणि पाऊस थांबून महिने लोटलेल्या कोरड्या जमिनीतल्या झाडाला पाने गाळून हे पाणी कसे वाचवता येते, याचे उत्तर मुलांकडूनच येऊ द्यावे. घाईने सांगून टाकू नये. पिशवी त्याच दिवशी सोडावी.