टिपर ट्रेलर जुंपण्याआधी

आदल्या रात्री चार्जर लावा. बाकीचं पुढे लिहितोच आहे, पण कोणी एवढंच वाचून उठला तरी माझी हरकत नाही. चार्जर ट्रेलरच्या बॅटरीला लावायचा (माल ओतायला हौदा तिरका उचलणारा पंप तिच्यावरच चालतो), ओढणाऱ्या गाडीच्या नव्हे, आणि तो भिंतीतल्या सॉकेटवर चालणारा हवा.

मी लावला नव्हता. ट्रेलर तीन आठवडे उभा होता, त्याआधीच्या कामानंतरही चार्ज केलेला नव्हता, आणि मी म्हटलं, गाडीला जोडलाय ना, वाटेत होईल चार्ज. सहाव्या फेरीला ओल्या मातीने भरलेला हौदा वीतभर उचलला गेला आणि थांबला. बटण दाबलं की कॉन्टॅक्टर, म्हणजे पंपाला वीज जोडणारा मोठा स्विच, नुसता टिकटिक करायचा. ती सगळी माती फावड्याने काढली. इलेक्ट्रिक टिपर विकत घेऊन तो फावड्याने रिकामा करणाऱ्याकडे लोक कसे बघतात, ते मला आता माहीत आहे.

वाटेत चार्ज का होत नाही, याचा हिशोब मी नंतर मांडला. १२ व्होल्टचा हायड्रॉलिक पंप भरलेला हौदा उचलताना १५० ते २०० अँपिअर ओढतो. १८० धरा आणि वर जायला ४० सेकंद धरा. एका उचलीला २ अँपिअर-तास गेले. गाडीच्या सॉकेटमधून ट्रेलरला येणारी चार्जिंगची वायर बारीक आणि लांब असते. तिच्यातून ५ अँपिअर आले तर १० मिनिटांच्या फेरीत एक अँपिअर-तासही परत येत नाही. म्हणजे प्रत्येक फेरीला बॅटरी उतरतच जाते. ती वायर बॅटरीला हळूहळू दूध पाजण्यापुरती आहे, पंप चालवायला नाही. तेव्हा रात्री चार्जर. १०० अँपिअर-तासाची लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्धी उतरली असेल तर १० अँपिअरच्या चार्जरला अख्खी रात्र लागते, सकाळी चहा होईपर्यंत लावून काही होत नाही. क्लिपा थेट बॅटरीच्या टर्मिनलवर लावा; मेन स्विचच्या पलीकडे लावल्या आणि स्विच बंद असला, तर रात्रभर चार्जरचा दिवा लागेल आणि बॅटरीत काही जाणार नाही. पेटीचं झाकण उघडं ठेवा, चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

सकाळी मल्टीमीटर लावा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. पण नुसत्या आकड्यावर विश्वास नको, चार्जर काढल्या काढल्या मीटर खोटं गोड बोलतो. कुणाला तरी बटण दाबायला सांगा, पंप चालू असताना बॅटरीवर व्होल्टेज बघा आणि मग मोटरच्या टर्मिनलवर बघा. बॅटरीवरच साडेदहाच्या खाली जात असेल तर बॅटरी गेली किंवा उपाशी आहे. बॅटरीवर ठीक आणि मोटरवर दीड-दोन व्होल्ट कमी, तर दोष केबलचा. जाण्या-येण्याची मिळून १० मीटर लांबीची १६ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल १८० अँपिअरला जवळजवळ २ व्होल्ट खाते. ५० चौरस मिलिमीटरची जेमतेम ०.६. केबलच्या टोकांची थिंबल घट्ट आहेत का बघा, आणि अर्थिंग चॅसिसवरून घेतलं असेल तर तिथला गंज खरवडा. व्होल्टेज कमी असताना बटण दाबून धरू नका, टिकटिक करणाऱ्या कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटतात आणि मग बटण सोडल्यावरही पंप थांबत नाही. बॅटरीचा मेन स्विच हाताशी लागतो तो याचसाठी.

लिथियम बॅटरी टाकायचा विचार असेल तर आधी तिचा बीएमएस (आतलं संरक्षणाचं सर्किट) सलग किती अँपिअर देतो ते वाचा. १०० अँपिअरवाली पहिल्याच उचलीला मान टाकेल.

पंपाचं हायड्रॉलिक तेल: हौदा पूर्ण खाली असताना बघा. वर असताना भरलंत तर खाली आणताना टाकीतून उतू जाईल. कोणतं तेल ते पंपावर किंवा पुस्तिकेत असतं. होज पाइप ओले दिसले तर कामाला निघू नका.

टायरची हवा, दिवे, कडी, पिन, साखळी. यावर काय लिहायचं.

वजन मात्र डोळ्यांनी ठरत नाही. एक घनमीटर ओली माती पावणेदोन-दोन टनांपर्यंत जाते, खडी दीडच्या वर. हौद्यात मावतं म्हणून भरायचं नसतं. ट्रेलरच्या परवानगीच्या एकूण वजनातून त्याचं स्वतःचं वजन वजा केल्यावर उरतं तेवढंच. रिलीफ व्हॉल्व्ह (दाब फार वाढला की तेल परत सोडणारा) किंचाळू लागला की बटण सोडा. दाबून ठेवलंत तर हौदा हलणार नाही, मोटर तापेल आणि रात्री भरलेली बॅटरी (भरली होतीत ना?) मिनिटांत बसेल.

जागा सपाट हवी. एक चाक मऊ मातीत रुतलं आणि हौदा वर असला तर सगळं आडवं होतं. वर विजेच्या तारा आहेत का, मान वर करून बघा. ट्रेलर गाडीपासून सोडू नका. उचलण्याआधी फाळक्याची कडी काढा, माणसं मागून आणि बाजूने हटवा, रिमोटची वायर घेऊन तुम्ही पुढच्या अंगाला उभे राहा. ओली माती पुढच्या भिंतीला चिकटून बसते. वजन वरच राहिलं तर थांबा, खाली आणा. वर-खाली झटके देऊन पाडायचा मोह आवरा.

उचललेल्या हौद्याखाली सेफ्टी प्रॉप, म्हणजे लोखंडी टेकू, लावल्याशिवाय हातही घालायचा नाही, आणि प्रॉप फक्त रिकाम्या हौद्याला. बॅटरी संपून अडकला तर हाताने उतरवायचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते घरीच शोधून ठेवा.

काम झालं की हौदा पूर्ण खाली, फाळका बंद, मेन स्विच बंद, धुणं वगैरे. बॅटरी अर्धवट उतरलेली पडून राहिली तर लेड-अ‍ॅसिड खराब होते, म्हणून परतल्यावरही, कितीही दमला असलात तरी, क्लिपा लावूनच घरात जा.