केळीचा भाव पडतो आणि ग्राफ चढतो: मॅटप्लॉटलिबमधल्या या चुका टाळा

प्रोजेक्ट जमा करायची तारीख जवळ आली की जळगावातली बीसीए, एमसीएची पोरं लॅपटॉप घेऊन येतात आणि एकच वाक्य म्हणतात: "सर, एरर काही येत नाही, पण ग्राफ विचित्र दिसतोय." एरर येत नाही, तिथेच तर खरी गोम आहे. मॅटप्लॉटलिब, म्हणजे पायथनमध्ये ग्राफ काढायची लायब्ररी, पुढ्यात पडेल ते मुकाट्याने काढून देते. आकडा आहे का अक्षरं, हे तुम्ही बघायचं असतं. पण बघायला वेळ कुणाला आहे? सगळ्यांना आधी काळं बॅकग्राउंड आणि निऑन रंग हवेत.

सगळ्यात जास्त डोकं खाणारी चूक हीच: आकडे म्हणून अक्षरं देणं. एका पोराने रावेर-सावद्याकडच्या केळीच्या भावाचा ग्राफ काढला. भाव एका व्यापाऱ्याच्या एक्सेल शीटमधले, क्विंटलचे. त्या आठवड्यात भाव रोज उतरत होता: 1,850, मग 1,780, 1,700, 1,640, 1,520. ग्राफवरची रेघ मात्र डावीकडून उजवीकडे सरळ वर. पोरगं खूश. प्रिंट काढून त्याने ती व्यापाऱ्याला दाखवली. तो म्हणाला, "अरे भो, त्या आठवड्यात आम्ही डोक्याला हात लावून बसलो होतो, अन तुझी रेघ कुठं चालली?"

झालं असं होतं. एक्सेलमध्ये आकड्यांत स्वल्पविराम होते आणि सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे करणारी साधी फाइल) करताना ते तसेच अवतरणचिन्हांत गेले. पांडाजने, म्हणजे तक्ते वाचणाऱ्या पायथन लायब्ररीने, तो कॉलम मजकूर म्हणून वाचला. मॅटप्लॉटलिबला अक्षरमालिका म्हणजे स्ट्रिंग मिळाली की ती प्रत्येक वेगळ्या स्ट्रिंगला एक पायरी देते, ज्या क्रमाने ती पहिल्यांदा दिसते त्या क्रमाने. म्हणजे 1,850 सगळ्यात खाली, आणि 1,520 उशिरा आला म्हणून सगळ्यात वर. नवा भाव आला की रेघ चढणार; खाली येणार ती फक्त जुना भाव पुन्हा आला तरच. शिवाय सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या. 60 रुपयांचा फरक असो की 120 चा, दिसणार तेवढाच.

खूण सोपी आहे: वायच्या अक्षावर आकडे उलटसुलट क्रमाने, नाहीतर एकमेकांवर चढून काळा पट्टा झालेले. उपायही सोपा. सीएसव्ही वाचतानाच थाउजंड्स या आर्ग्युमेंटला स्वल्पविराम द्यायचा. बाजार बंद असलेल्या दिवशी कुणीतरी रकान्यात 'सुट्टी' लिहून ठेवलेलं असतं, त्यासाठी तिथेच एनए-व्हॅल्यूजला 'सुट्टी' हा शब्द द्यायचा. तिथे रिकामी जागा होते आणि रेघ तुटते. तुटू द्या. बाजार बंदच होता ना? माझी सवय अशी की प्लॉटची पहिली ओळ लिहिण्याआधी डीटाइप्स, म्हणजे प्रत्येक कॉलमचा प्रकार, छापून बघायचे. भावाच्या कॉलमपुढे फ्लोट किंवा इंट (म्हणजे आकडे) दिसलं तर पुढे. ऑब्जेक्ट किंवा स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) दिसलं तर हात थांबवायचा. यूट्यूबवरचे व्हिडिओ ही पायरी गाळतात, कारण त्यांची सीएसव्ही आधीच धुऊनपुसून ठेवलेली असते.

तारखांचंही तेच. आपण 03/04 म्हणजे तीन एप्रिल लिहितो, पांडाज त्याला चार मार्च समजतो. डे-फर्स्ट ट्रू द्या.

शो (ग्राफ खिडकीत दाखवणारी आज्ञा) आधी आणि सेव्हफिग (ग्राफ फाइलमध्ये ठेवणारी) नंतर लिहिलं की कोरी पांढरी इमेज मिळते. खिडकी बंद झाली की ती फिगरही गेली, मग सेव्ह होते ती नवी रिकामी. आधी सेव्ह, मग शो.

स्वतःच्या फाइलला मॅटप्लॉटलिब डॉट पीवाय असं नाव देऊ नका. पायथन लायब्ररीऐवजी तुमचीच फाइल इम्पोर्ट करायला जातो. दरवर्षी एक तरी महाभाग हे करतोच.

आता मराठीचं दुखणं. शीर्षकात 'जळगाव' लिहिलं की चौकोनी डबे येतात आणि टर्मिनलवर वॉर्निंग: ग्लिफ 2332 मिसिंग. ग्लिफ म्हणजे फॉन्टमधलं अक्षराचं चित्र, आणि हा 2332 म्हणजे युनिकोड या अक्षरांच्या क्रमांकयादीतला आपला 'ज'. मॅटप्लॉटलिबचा ठरलेला फॉन्ट देजावू सान्स, त्यात देवनागरी नाही. म्हणून पोरं नोटो सान्स देवनागरी उतरवतात, तरी डबेच येतात, कारण मॅटप्लॉटलिबने फॉन्टची जुनी यादी कॅशमध्ये जपलेली असते. फॉन्ट मॅनेजरच्या अ‍ॅडफॉन्टला फाइलचा पत्ता द्या आणि फॉन्ट फॅमिलीत त्याचं नाव लिहा. यादीत दुसरा देजावू ठेवा, म्हणजे पहिल्यात नसलेली चिन्हं तिथून येतील. ही सोय 3.6 आवृत्तीपासून आहे.

इथे खानदेशवाले हमखास फसतात. जळगाव, धुळे, नंदुरबार: तिन्ही नावांत ना पहिली वेलांटी, ना जोडाक्षर. नावं नीट उमटली की वाटतं काम झालं. मग अक्षावर 'क्विंटल' येतं आणि शीर्षकात 'जिल्हा', आणि वेलांटी अक्षराच्या पलीकडे, पाय मोडलेला ल वेगळा. आपल्याकडे बहुतेक कॉम्प्युटरवर असलेल्या आवृत्त्या अक्षरं एकेक करून ठेवतात, जोडणीचे नियम लावत नाहीत. फॉन्ट बदलून यात फरक पडत नाही, कितीही उतरवा. मी एसव्हीजी फॉन्टटाइपला नन देऊन एसव्हीजी (ब्राउझरमध्ये उघडणारी चित्राची फाइल) काढतो आणि ती ब्राउझरमध्ये उघडतो. तिथे मजकूर मजकूरच राहतो आणि ब्राउझर तो नीट जोडतो. घाई असेल तर ग्राफवर फक्त आकडे ठेवा आणि मराठी मथळा वर्डमध्ये टाइप करा. याला कुणी जुगाड म्हणेल. म्हणू दे, मोडक्या वेलांटीचा रिपोर्ट बाहेर जाण्यापेक्षा बरा.

एका ग्राफवर मागच्या तालुक्याची रेघ दिसते? लूपमध्ये पायप्लॉट (मॅटप्लॉटलिबचा 'चालू' ग्राफवरच काढत राहणारा भाग) वापरताय आणि 'चालू फिगर' कुठली याचा हिशेब ठेवलेला नाही. 2003 साली जॉन हंटर या मेंदूशास्त्रज्ञाने ही लायब्ररी आणली तेव्हा मॅटलॅबची सवय असलेल्यांना ओळखीचं वाटावं म्हणून ही पद्धत ठेवली. एकटा ग्राफ असेल तर ठीक. पंधरा तालुके असतील तर प्रत्येक वेळी सबप्लॉट्सने फिगर आणि अ‍ॅक्सेस हातात घ्या, त्याच अ‍ॅक्सेसवर काढा, सेव्ह करा आणि क्लोज करा. क्लोज विसरलात तर 20 पेक्षा जास्त फिगर उघड्या असल्याची वॉर्निंग येते. ती वॉर्निंग बंद कशी करायची हे शोधत बसणाऱ्यांशी मी बोलत नाही.

खालची नावं कापली जात असतील तर बीबॉक्स-इंचेसला टाइट द्या. सर्व्हरवर खिडकी उघडतच नसेल तर शो काढून टाका आणि नुसतं सेव्हफिग ठेवा. तिथे स्क्रीनच नाही.