मशीनवर क्विल्टिंग करताना, म्हणजे गोधडीचे थर एकत्र शिवताना, खालच्या कापडाला चुण्या पडतात?

वरून शिलाई छान दिसते, पण उलटून पाहिलं की अस्तर गोळा झालेलं. पहिल्या दोन गोधड्या मी अशाच उसवल्या. दोष बहुतेकदा शिवण्यात नसतो, त्याआधी थर पिनांनी जोडण्यात असतो.

१. अस्तर उलटं, म्हणजे सुलटी बाजू खाली ठेवून, फरशीवर पसरा. कडा चिकटपट्टीने फरशीलाच चिकटवा. कापड ताठ हवं, ताणलेलं नको; ताणलं तर पट्टी काढताच ते आखडतं आणि चुण्या परत येतात.
२. त्यावर मधला मऊ भरणाचा थर, मग वरचं कापड. मधून कडेकडे हात फिरवत सपाट करा.
३. मधूनच सुरुवात करून दर १० सेंमीवर सेफ्टी पिन लावा. मूठ ठेवली की तिच्याखाली एक तरी पिन यावी. कंटाळवाणं आहे, पण इथे घाई नको.
४. टाका ३ मिमीच्या आसपास ठेवा. पहिली ओळ मधोमध, मग बाहेर सरकत जा. वॉकिंग फूट (वरचं आणि खालचं कापड एकसारखं पुढे सरकवणारा मशीनचा पाय) असेल तर तोच लावा.

सुई जवळ आली की पिन आधी काढा. पिनेवर सुई तुटली तर तुकडा डोळ्याकडे उडू शकतो.