कायोटी फिरतात त्या भागात कुत्रा पाळताना

कायोटी म्हणजे लांडग्याच्या जातकुळीतला, पण त्याहून लहान जंगली प्राणी. तो वस्तीतही शिरतो आणि लहान कुत्र्यांवर हल्ला करतो. अमेरिकेत लॉस एंजेलिस, डेन्व्हर किंवा शिकागोच्या उपनगरांत राहत असाल आणि घरात लहान कुत्रा असेल, तर रात्री त्याला शू करायला मागच्या अंगणात एकटं सोडू नका. दिवा लावा, अंगणात नजर फिरवा, मग पट्टा धरून स्वतः सोबत जा. सहा फुटी कुंपणाच्या भरवशावर राहू नका, कायोटी त्यावरही चढतो. कुंपणाच्या वरच्या कडेला फिरणारा पाइप बसवला, तर त्याचे पंजे निसटतात. खालून उकरू नये म्हणून जाळी बाहेरच्या बाजूला वळवून जमिनीत पुरा.

खाणं बाहेर ठेवू नका. भारतातून आलेले आई-बाबा मायेनं पक्ष्यांना भात, पोळीचे तुकडे घालतात. त्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागून कायोटी. त्यांना हे आधीच समजावून सांगा.

फिरायला नेताना लांबणारा पट्टा नकोच, सहा फुटांचा साधा पट्टा घ्या. कायोटी दिसला तर पळू नका. लहान कुत्रा उचलून घ्या, हात उंचावून जोरात ओरडा, शिट्टी वाजवा आणि त्याच्याकडे तोंड ठेवूनच मागे सरका. वसंत ऋतूत पिल्लं असताना तो मोठ्या कुत्र्यावरही धावून येतो, तेव्हा वाट बदला.

चावा घेतलाच, तर केसांखाली फक्त बारीक छिद्रं दिसतात, पण आतली इजा खोल असू शकते. रेबीजची लस झालेली असली तरी लगेच व्हेटकडे न्या.