पिकअपचा इग्निशन स्विच: आधी तपासा, मग बदला

पहाटे 4 वाजता टोमॅटोचे क्रेट भरून गाडी तयार, नारायणगावला निघायचं, आणि चावी फिरवली तर मीटरमधले लाइट लागतात पण सेल (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) फिरत नाही. आमच्या जुन्या डिझेल पिकअपचं हे दोन महिने चाललं होतं. कधी पाचव्यांदा चावी मारली की चालू व्हायची, कधी धक्का द्यावा लागायचा. बॅटरी नवीन टाकली, सेल खोलून कार्बन-ब्रश बदलले, आणि शेवटी दोष निघाला चावीमागच्या स्विचमध्ये. तुमचा तरी खर्च वाचावा म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

चावी जिथे घालतो तो लॉक वेगळा आणि त्याच्या मागे वायरी लागतात तो स्विच वेगळा. मागच्या प्लास्टिकच्या भागात तांब्या-पितळेचे पॉइंट असतात, चावीबरोबर ते फिरतात आणि बॅटरीचा करंट पुढे सोडतात. एका पोझिशनला टेप वगैरे, ऑनला मीटर आणि डिझेल पंपाचा सॉलिनॉइड (करंट मिळाला की डिझेल सोडणारा व्हॉल्व्ह), स्टार्टला सेल, आणि काही जुन्या गाड्यांना थंड इंजिन गरम करणाऱ्या हिटरची पोझिशन वेगळी. वर्षानुवर्षं ठिणग्या उडून हे पॉइंट जळतात, झिजतात. चावीला किल्ल्यांचा जड जुडगा लटकत असेल तर लॉकही लवकर सैल होतो, म्हणून गाडीची चावी एकटीच ठेवा.

आता तपासणी. सगळ्यात आधी बॅटरी बघा. मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा, गाडी बंद असताना साधारण 12.6 आले तर बॅटरी भरलेली आहे, 12.2 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलंय का, बॉडीची अर्थिंगची वायर घट्ट आहे का, तेही बघूनच घ्या. मीटर नसेल तर हेडलाइट लावून सेल मारा, लाइट एकदम मंद झाले तर बॅटरी किंवा टर्मिनलचा प्रॉब्लेम, पण लाइट तसेच झगझगीत राहिले आणि सेल गप्प, तर करंट सेलपर्यंत पोचतच नाहीये किंवा सेलचा सॉलिनॉइड (सेलला बॅटरीचा करंट जोडणारा भाग) गेलाय.

या दोघांतलं कुठलं ते टेस्ट लॅम्प सांगतो, म्हणजे 12 व्होल्टचा वायर लावलेला बल्ब, एक टोक अर्थला आणि दुसरं तपासायच्या वायरला. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड लावलेला, हे पक्कं करा. सेलवर जी बारीक वायर येते तिच्यावर लॅम्प लावा आणि दुसऱ्याला चावी स्टार्टला धरून ठेवायला सांगा. लॅम्प लागला आणि सेल फिरला नाही तर स्विचला हात लावू नका, दोष सेलकडे आहे. लॅम्प लागलाच नाही तर मागे मागे या, मधे फ्यूज किंवा रिले (छोट्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) असेल तो बघा आणि मग स्विचच्या कपलरवर, म्हणजे वायरी एकत्र जोडणाऱ्या प्लगवर, तीच टेस्ट करा. कपलरमध्ये बॅटरीच्या वायरला करंट आहे पण स्टार्टला चावी धरून सेलच्या वायरला नाही, म्हणजे स्विच गेला.

अजून एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. सेल छान फिरतो पण इंजिन पकडतं ते बरोबर चावी सोडताना, असं होत असेल तर स्टार्ट पोझिशनला पंपाच्या सॉलिनॉइडचा करंट तुटतोय, हेही स्विचचंच काम. आणि चालू गाडीत खड्ड्यात मीटरचे लाइट गायब होऊन इंजिन बंद पडत असेल तर चावी ऑनवर ठेवून हलकी हलवून बघा, लाइट लुकलुकले की समजायचं, स्विच गेलाय. अशी गाडी घाटात नेऊ नका, मनापासून सांगतो.

पॉइंट किती जळलेत ते मोजताही येतं. चावी ऑन, मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या वायरवर आणि दुसरी ऑनच्या वायरवर, 0.2 व्होल्टच्या आसपास किंवा कमी दिसायला पाहिजे, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर आतमध्ये गडबड आहे. कपलर हाताला गरम लागला किंवा प्लास्टिक वितळलेलं दिसलं तर नुसता स्विच बदलून भागणार नाही, कपलरच्या पिनाही नवीन टाका, नाहीतर नवा स्विच पण तसाच जळेल.

बदलताना पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह काढा, कारण पॉझिटिव्ह आधी काढताना पान्हा बॉडीला लागला तर शॉर्ट होतो. मग स्टिअरिंगखालचं कव्हर काढा, कपलरचा मोबाइलवर फोटो घ्या आणि खटका दाबून तो सोडवा, वायरी ओढू नका. बऱ्याच गाड्यांत मागचा भाग दोन बारीक स्क्रूवर असतो आणि तेवढाच बदलता येतो, लॉक आणि चावी जुनीच राहते. आतली पट्टी कुठल्या पोझिशनला आहे ते बघून नवा स्विच त्याच पोझिशनला बसवा. पूर्ण लॉकच बदलायचा असेल तर स्टिअरिंग लॉकचे बोल्ट डोकं तुटलेले असतात, ते ड्रिल करूनच निघतात, ते काम मी तरी वायरमनकडेच देतो.

बसवल्यावर निगेटिव्ह लावून एकेक पोझिशन बघा. स्टार्टवरून चावी आपोआप ऑनला परत आलीच पाहिजे, अडकली तर सेल गुंतून राहतो आणि जळतो. सेलच्या वायरला रिले नसेल तर 12 व्होल्ट 30 अँपिअरचा चार पिनचा रिले टाकून घ्या: स्विचची वायर 86 ला, 85 अर्थला, बॅटरीकडून फ्यूज टाकून 30 ला आणि 87 वरून सेलच्या त्याच बारीक वायरला. सेलच्या सॉलिनॉइडचा करंट मग स्विचमधून जातच नाही. आमच्या गाडीला रिले टाकून तीन वर्षं झाली, तेव्हापासून एकदाही धक्का मारलेला नाही.